हिडन टँग सुरीच्या गार्डमधली अरुंद खाच : फट न ठेवता कशी कापावी

गार्ड पात्यावर चढवला, समोरून पाहिलं आणि पात्याच्या एका कुशीला काळी रेघ दिसली. हिडन टँग सुरी करताना बहुतेकांचं काम इथेच फसतं. मग कधी कानशीला दोष दिला जातो, कधी ड्रिलला, कधी स्वतःच्या हाताला. खरी चूक बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेली असते. टँग एकाच जागी मापलेली असते, किंवा पात्याचं पॉलिश गार्ड बसवल्यावर करू म्हणून मागे ठेवलेलं असतं.

पुढे जे शब्द सतत येतील ते आधी स्पष्ट करून घेऊ. टँग म्हणजे पात्याची मुठीत शिरणारी शेपटी; हिडन टँग सुरीत ती मुठीच्या आत पूर्ण झाकलेली असते. कुशी म्हणजे पात्याच्या डाव्या-उजव्या सपाट बाजू. गार्ड म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला आडवा तुकडा, तलवारीच्या भाषेत परज. रिकासो म्हणजे गार्डला लागून असलेला, धार न लावलेला पात्याचा सपाट भाग. रिकासो संपून टँग सुरू होते तिथे वर आणि खाली ज्या पायऱ्या असतात ते खांदे. गार्डची पुढची बाजू म्हणजे पात्याकडची, मागची म्हणजे मुठीकडची.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच माप धरलं आहे : खांद्यापाशी टँगची जाडी ४.० मिमी, उंची १८ मिमी, वरचा-खालचा खांदा प्रत्येकी ३ मिमी आणि गार्डचा तुकडा ६ मिमी जाड. तुमची मापं वेगळी असतील. हिशेबाची रीत तीच राहते.

## सुरुवातीआधी : माफी कुठे आहे, कुठे नाही

खाचेला तीन मापं असतात आणि तिन्हींना सारखा जीव लावला तर वेळ वाया जातो.

लांबीत माफी आहे. खाचेची वरची आणि खालची टोकं खांद्यांखाली झाकली जातात. १८ मिमीच्या टँगला १८.२ मिमी लांब खाच झाली तर बाहेरून कोणालाच दिसणार नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे मात्र जाऊ नका, कारण मग गार्ड वर-खाली सरकतो आणि चिकटवताना तिरका बसतो.

रुंदीत माफी नाही. पात्याच्या दोन्ही कुशींना खांदा नसतो. तिथे गार्डची कड थेट रिकासोला भिडते आणि ०.०५ मिमीची फटसुद्धा उजेडात डोळ्यांत भरते.

खोलीत अर्धी माफी आहे. सहा मिलिमीटरपैकी पुढचे दीड-दोन मिलिमीटरच घट्ट हवेत. मागचा भाग प्रत्येक बाजूने ०.१ मिमी मोकळा असला तरी चालतो, उलट असावाच. तो मुठीत झाकला जातो आणि एपॉक्सीला जागा मिळते.

म्हणजे सगळा जीव खाचेच्या पुढच्या दोन लांब कडांवर लावायचा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्या कडा वाचवणं हेच काम आहे.

## टप्पा १ : पातं आणि टँग आधी पूर्ण करा

गार्डला हात लावण्याआधी रिकासो शेवटच्या पॉलिशपर्यंत नेऊन ठेवा. तापवून पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या पात्यावरची काळी पापडी तशीच ठेवून खाच बसवली आणि नंतर पॉलिश पेपर मारला, तर दोन्ही बाजू मिळून ०.०५ ते ०.१ मिमी सहज जातात. तेवढीच फट गार्डला पडते. खाच कापताना काहीच चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो.

आता व्हर्नियर घ्या, शक्य असेल तर मायक्रोमीटर, आणि टँगची जाडी चार ठिकाणी मापा : खांद्यालगत, ६ मिमी मागे, मध्यावर आणि टोकाला. खांद्यालगतचं माप सगळ्यांत जास्त हवं. गार्ड टोकाकडून चढतो. टँगचा कुठलाही भाग खांद्यापेक्षा जाड असेल तर खाच त्या भागाच्या मापाने रुंद करावी लागते आणि खांद्यापाशी पोचल्यावर ती सैल वाटते.

उतार असा ठेवा : खांद्यालगत ४.००, सहा मिलिमीटर मागे ३.९६ ते ३.९७, टोकाला ३.६ च्या आसपास. एवढ्याशा उताराने गार्ड शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये आपोआप आवळत जातो आणि सगळ्यांत घट्ट पकड नेमकी पुढच्या कडेवर येते.

आणखी एक माप बहुतेक जण घेतच नाहीत. खांद्यालगत जाडी तीन उंचींवर पाहा : पाठीकडे, मध्ये, धारेकडे. हाताने ग्राइंड केलेल्या पात्यात पाठीकडे ४.०० आणि धारेकडे ३.९० असं हमखास निघतं. असं असेल तर टँग आणि रिकासो सपाट दगडावर घासून समांतर करा, किंवा खाचही तेवढीच निमुळती करायची हे लिहून ठेवा. समांतर खाच निमुळत्या टँगवर कधीच बसणार नाही, कितीही घासा.

दोन्ही खांदे एकाच पातळीत असायला हवेत. त्यासाठी फाइल गाइड, म्हणजे पात्यावर आवळायचे दोन कडक, सपाट तोंडाचे जबडे, वापरा. ते पात्यावर आवळा, दोन्ही खांदे गाइडच्या तोंडाशी एका पातळीत येईपर्यंत घासा. पातं कडक केलेलं असेल तर साधी कानस घसरेल, डायमंड कानस लागेल. खांदा आणि टँग मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात टोकदार काटकोन करू नका. तिथे १ मिमीची गोलाई ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पातं पडलं की तिथूनच तडा जातो.

तपासणी : गुण्याची सरळ पट्टी दोन्ही खांद्यांवर आडवी टेकवून दिव्यासमोर धरा. उजेड एकाच खांद्याखालून येत असेल तर पुढे जाऊ नका. ही चूक खाच कापून दुरुस्त होत नाही.

## टप्पा २ : गार्डचा तुकडा

तुकडा हव्या त्या आकारापेक्षा चारही बाजूंनी ३ ते ५ मिमी मोठा ठेवा, आणि चौकोनीच ठेवा. आधी सुंदर अंडाकृती आकार घासून मग मधोमध खाच कापायला गेलात तर व्हाइसमध्ये पकडायला सरळ बाजू उरत नाही, आणि खाच पाव मिलिमीटर जरी सरकली तरी आकार वाया जातो. खाच आधी, आकार नंतर.

जाडीही थोडी जास्त ठेवा. अंतिम गार्ड ६ मिमी हवा असेल तर ६.३ मिमी घ्या. पुढची कड घासताना चुकून गोल झाली तर समोरचा चेहरा सपाट काचेवर पेपर ठेवून ०.२-०.३ मिमी उतरवता येतो आणि कड पुन्हा कोरी होते. हा सुटकेचा मार्ग फुकटात मिळतो, तरी तो ठेवणारे फार थोडे.

पितळ कापायला सोपं, पण ड्रिल बिट त्यात ओढलं जातं. निकेल सिल्व्हर चिकट असतं. स्टेनलेस घ्यायचंच असेल तर ३०३ किंवा ४१६ ग्रेडचं घ्या. ३०४ मध्ये बिट एक क्षण नुसतं घासत राहिलं तरी खालचा थर कडक होतो आणि पुढचं भोक पडत नाही. पहिल्या दोन-तीन गार्डसाठी पितळ किंवा माइल्ड स्टील बरं.

पुढचा चेहरा काचेवर २२० च्या पेपरने पूर्ण सपाट करा आणि त्यावर कोपऱ्यात खूण करा : पुढची बाजू कुठली, पाठ कुठली. टँग वर-खाली सारखी नसते. उलटा चढवून पाहिलेला गार्ड खाचेच्या कडा चेपतो.

## टप्पा ३ : रेखाटन

पुढच्या चेहऱ्यावर मार्किंग ब्लू किंवा जाड काळ्या मार्करचा थर द्या. पेन्सिलची रेघ इथे कामाची नाही, तिचीच जाडी ०.३ मिमी असते. टोकदार स्क्रायबर, म्हणजे धातूवर रेघ ओरखडणारी सुई, हवी.

मध्यरेषा मापून काढू नका. व्हर्नियर अंदाजे अर्ध्या रुंदीवर लावा, एका कडेवरून रेघ ओढा, मग तेच माप न हलवता समोरच्या कडेवरून दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमध्ये जे अंतर पडेल त्याच्या मधोमध खरी मध्यरेषा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर उत्तम.

मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २.० मिमीवर नाही, १.९ मिमीवर रेघा ओढा. खाच ३.८ मिमीची रेखाटायची. उरलेले ०.२ मिमी चढवून-बघून काढायचे आहेत, रेघेवर भरवसा ठेवून नाही. लांबीच्या रेघा मात्र पूर्ण १८ मिमीवर.

तपासणी : रेघांमधली अंतरं व्हर्नियरने मापून खांद्यालगतच्या टँगच्या मापांशी ताडून पाहा. रेघांचा चौकोन त्या मापांच्या बाहेर कुठेही जाता कामा नये.

## टप्पा ४ : भोकं

बिटचं माप टँगच्या जाडीच्या साधारण ८० टक्के घ्या. ४.० मिमी टँगला ३.२ मिमी. दोन्ही बाजूंना ०.४ मिमी उरतात, म्हणजे बिट आत जाताना थोडं वळलं तरी खाच वाचते. "थेट ४ मिमीचं बिट घेऊ, घासायचं काम कमी होईल" या हिशेबाने जितके गार्ड भंगारात जातात तितके दुसऱ्या कशानेही जात नाहीत. ड्रिल बिट स्वतःच्या मापापेक्षा थोडं मोठंच भोक पाडतं, आणि पाच भोकं एका रेषेत कधीच येत नाहीत.

आता अंतरं. टोकांशी घासायला ०.३ मिमी सोडायचे. म्हणून पहिल्या भोकाचा मध्य टोकापासून ०.३ अधिक १.६, म्हणजे १.९ मिमीवर. शेवटच्याचाही तसाच. दोन्ही मध्यांमधलं अंतर १८ वजा ३.८, म्हणजे १४.२ मिमी. चार सारखे भाग केले तर प्रत्येकी ३.५५ मिमी. पाच भोकं झाली आणि प्रत्येक दोन भोकांमध्ये ०.३५ मिमीची पातळ भिंत राहिली.

ही भिंत मुद्दाम ठेवायची. भोकं एकमेकांत शिरतील अशी आखली तर बिट शेजारच्या मोकळ्या भोकात घसरतं, वाकतं आणि बहुधा मोडतं. भिंत ०.६ मिमीच्या पुढे गेली तर तोडताना जीव जातो. ०.२ ते ०.४ ठीक.

मध्यांवर सेंटर पंच हलक्या हाताने मारा. आधी एक टिचकी, भिंगातून पाहा, सरकला असेल तर पंच तिरका धरून ओढून घ्या, मग पक्का मारा. ३०४ वर जोरात मारू नका, खाली कडक ठिपका तयार होतो.

भोकं पुढच्या चेहऱ्याकडूनच पाडा. बिट जिथे शिरतं तिथे जागा अचूक असते, बाहेर पडताना ते भटकलेलं असतं. भटकायचं असेल तर मुठीकडच्या बाजूला भटकू द्या.

क्रम १, ३, ५ आणि मग २, ४ असा. मधलं भोक पाडताना दोन्ही बाजूंना सारखीच पातळ भिंत असते, म्हणून बिट एका बाजूला ढकललं जात नाही. ओळीने १, २, ३ पाडत गेलात तर प्रत्येक वेळी एक बाजू कमजोर आणि एक भरीव असते, आणि भोकं हळूहळू एकीकडे सरकत जातात.

- आखूड बिट वापरा. लांबच असेल तर चकमध्ये खोल पकडा, बाहेर १५ मिमीपेक्षा जास्त नको.
- आधी सेंटर ड्रिलने प्रत्येक मध्यावर मिलिमीटरभर खळगा करा.
- माइल्ड स्टीलला ३.२ मिमी बिट साधारण २,५०० फेऱ्यांवर, ३०४ ला हजार-बाराशेवर आणि कटिंग ऑइलसह. पितळाला मशीनचा वरचा वेग चालतो.
- दीड-दोन मिलिमीटर गेलं की बिट वर काढून किस झटका.
- खाली पितळाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा टाकाऊ तुकडा ठेवा, म्हणजे मागे मोठी कंगोरी (बाहेर आलेली धारदार कड) फुटत नाही.

पितळासाठी बिटच्या दोन्ही कापणाऱ्या ओठांवर बारीक दगडाने अगदी छोटी सपाट पट्टी काढा, उभी, बिटच्या अक्षाला समांतर. मग ते पितळ खोदत ओढलं जात नाही, खरवडतं. हे बिट पितळासाठीच वेगळं ठेवा, स्टीलमध्ये ते नीट चालणार नाही.

इशारा : गार्ड हातात धरून भोक पाडू नका, तुकडा कितीही मोठा वाटला तरी. बिट पलीकडे बाहेर पडताना पितळ उचलतं आणि चौकोनी तुकडा पंख्यासारखा फिरतो. मशीन व्हाइस, आणि तो टेबलाला क्लॅम्प केलेला. डोळ्यांना चष्मा.

तपासणी : गार्ड उलटा करा. मागच्या बाजूला कुठलंही भोक मध्यरेषेपासून ०.३ मिमीपेक्षा जास्त सरकलं असेल तर थांबा. त्या बाजूला घासायला काही उरलेलं नाही. नवीन तुकड्यावर अर्धा तास गेला तरी तो स्वस्त.

मिलिंग मशीन असेल तर भोकांची ही कसरत टळते, पण मापाचा नियम तोच : ४.० मिमी टँगला ३ किंवा ३.५ मिमीचा एंडमिल (बाजूनेही कापणारं मिलिंगचं बिट). एका वेळी पाव ते अर्धा मिलिमीटर खोली, आणि शेवटचे ०.२ मिमी कानशीने. ड्रिल मशीनमध्ये एंडमिल लावून खाच ओढायचा मोह मात्र आवरा. ड्रिलचा चक टेपरवर नुसता दाबून बसवलेला असतो. आडवा जोर आला की तो सुटून फिरता फिरता खाली येतो.

## टप्पा ५ : भिंती तोडणं

हॅकसॉचं पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं. त्याचा १०-१२ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, त्याची पाठ ग्राइंडरवर घासून तो भोकातून जाईल इतका अरुंद करा आणि एका टोकाला टेप गुंडाळून मूठ करा, दात पुढे ढकलताना कापतील असे. तो भोकातून घालून एकेक भिंत कापा. भिंतीच्या मधोमध कापत जा, खाचेच्या लांब बाजूंना दात लागू देऊ नका.

छिन्नीने भिंती फोडता येतात, पण पातळ गार्ड त्यात वाकतो आणि नंतर चेहरा पुन्हा सपाट करावा लागतो.

२.५ मिमी किंवा त्याहून पातळ टँग असेल, जशी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना असते, तर दुसरी वाट बरी. फक्त दोन टोकांना २.० मिमीची भोकं पाडा, सोनारी करवतीचं पातं त्यातून ओवा आणि मधली पट्टी दोन रेषांनी कापून काढा. २ मिमीची सात-आठ भोकं एका ओळीत पाडताना एखादं बिट मोडतंच, आणि मोडलेला तुकडा खाचेत अडकला की गार्ड गेला. करवत हळू चालते, पण काही मोडलं तरी ते करवतीचं पातं असतं.

## टप्पा ६ : कानस, ३.८ मिमीपर्यंत

कानस खाचेपेक्षा किमान अर्धा मिलिमीटर पातळ हवी, आणि तिच्या अरुंद कडा कोऱ्या, म्हणजे दात नसलेल्या. कडांना दात असतील तर ग्राइंडरवर ते उडवा, कानस तापू न देता. नाहीतर लांब बाजू घासताना टोकं आपोआप खाल्ली जातात आणि लांबीतली माफी संपते.

गार्ड व्हाइसमध्ये उभा पकडा. जबड्यांवर पितळाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा. खाच आडवी, गार्डची मागची बाजू तुमच्याकडे. कानस मागून आत जाईल आणि पुढून बाहेर येईल. नेहमी खालचीच बाजू घासा, ती झाली की गार्ड फिरवून दुसरी खाली आणा. वरची बाजू घासताना कानस कुठे टेकते ते कळत नाही.

हात डुलतो, आणि डुललेली कानस खाचेची दोन्ही तोंडं रुंद करून मधला भाग घट्ट ठेवते. गार्ड चढवताना तो घट्ट वाटतो, समोरून फट दिसते. मग माणूस आणखी घासतो. उपाय असा : कानशीची मूठ मुद्दाम अंशभर खाली ठेवा. तुमच्याकडची, म्हणजे मागची कड जास्त कापली जाईल आणि पुढची कड शेवटपर्यंत घट्ट राहील. हात थोडाफार डुलला तरी नुकसान मागे होतं, जिथे माफी आहे.

कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे घेताना उचला. सुरुवात करण्याआधी तिच्यावर खडू घासा, विशेषतः निकेल सिल्व्हर आणि पितळासाठी. किस दातांत अडकला की तोच पुढच्या कडेवर खोल ओरखडा ओढतो.

दर आठ-दहा झटक्यांनी गार्ड वळवून पुढच्या चेहऱ्यावरची रेघ पाहा. एक बाजू रेघेपर्यंत आणून मग दुसरी सुरू करू नका. थोडी इकडची, थोडी तिकडची, असं दोन्ही बाजूंनी या. खाच मध्यावर राहते. शेवटी चौकोनी सुईकानशीने चारही कोपरे मोकळे करा. टँगचे कोपरे चौकोनी असतील तर ड्रिलच्या गोलाईवर ते अडकतात, आणि घट्टपणा रुंदीत आहे असा भास होतो. विनाकारण रुंदी घासणाऱ्यांपैकी निम्मे इथेच फसलेले असतात.

तपासणी : पुढून व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी वर, मध्ये, खाली रुंदी मापा. तिन्ही ठिकाणी ३.८ च्या आसपास. मागून ०.१ ते ०.२ जास्त.

## टप्पा ७ : चढवून बघणं

इथून पुढे घाई करायची नाही. या टप्प्याला आधीच्या सगळ्या टप्प्यांइतका वेळ लागतो.

पात्याच्या धारेवर आणि टोकावर जाड टेप गुंडाळा, मग पातं चामडं लावलेल्या लाकडी जबड्यांत उभं पकडा, टँग वर. टँगवर काळा मार्कर फिरवा. गार्ड वरून सोडा, अंगठ्यांनी सरळ दाबा. तो अडकला की काढा.

आता दोन ठिकाणी पाहायचं. टँगवरचा मार्कर जिथे खरवडला गेला तिथे अडलं. आणि खाचेच्या आत काळा डाग किंवा चकाकणारा ठिपका दिसेल तिथे अडलं. तेवढंच घासा, तीन-चार झटके. मग किस झटका, मार्कर पुन्हा लावा, पुन्हा चढवा. किसाचा एक कण अडकला तरी खूण खोटी येते.

चुकीची सवय म्हणजे अडलं की पूर्ण बाजू घासायची. अडतंय तो भाग दोन मिलिमीटरचा असतो, आणि आपण अठरा मिलिमीटर रुंद करतो.

अंगठ्याच्या दाबाने गार्ड खांद्यांपासून दोन-अडीच मिलिमीटरवर थांबला की कानस खाली ठेवा. उरलेलं अंतर ठोकून न्यायचं. त्यासाठी टँग सहज आत जाईल अशा आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या. आपल्या १८ मिमी टँगला २० मिमी चालेल. टोक सपाट करा, गार्डच्या मागच्या बाजूवर ठेवा आणि हातोडीने हलके ठोके द्या. प्रत्येक ठोक्यागणिक आवाज बदलतो. गार्ड खांद्यांना टेकला की ठोका भरीव वाजतो. तिथे थांबा.

दोन-तीन ठोक्यांत तो हललाच नाही तर जोर वाढवू नका. पितळाचा गार्ड मधोमध फुगतो आणि खांद्यांपाशी नवीन फट पडते. स्टेनलेस गार्ड स्टेनलेस पात्यावर ओरखडत चिकटून बसतो आणि निघतच नाही. पुढून दोन लाकडी काड्यांनी दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठोकून तो काढा, पुन्हा मार्कर.

तपासणी : खांद्यांपर्यंत पूर्ण बसवणं एक-दोनदाच करा. प्रत्येक वेळी पुढची कड थोडी झिजते, पाचव्यांदा तीच खाच सैल असते.

## टप्पा ८ : खांद्याखालचा उजेड

कुशींना फट नाही, पण खांद्यांखालून उजेड येतो. याची कारणं मोजून दोन.

पहिलं, टँगच्या मुळाशी ठेवलेली ती गोलाई. ती खाचेच्या टोकाच्या कडेवर अडते आणि गार्ड खांद्यापर्यंत पोचत नाही. खाचेच्या फक्त दोन टोकांना, पुढच्या बाजूने, ०.८ ते १ मिमीची तिरकी कड काढा. ती खांद्याखाली झाकली जाते. लांब बाजूंना ही तिरकी कड चुकूनही लागू देऊ नका.

दुसरं, गार्डचा चेहरा सपाट राहिलेला नाही, किंवा कंगोरी उभी आहे. काचेवर ४०० च्या पेपरने चार-पाच वेळा फिरवा.

दोन्ही करूनही एकच खांदा टेकत असेल तर दोष पात्यात आहे, टप्पा १ कडे परत जा.

बसलेल्या गार्डच्या मागे टॉर्च धरा, खोलीत अंधार करा आणि पुढून पाहा. मग ०.०४ मिमीचा फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पोलादी पट्टी) दोन्ही कुशींना लावून पाहा. तो कुठेच शिरला नाही तर गार्ड काढा, बाहेरचा आकार घासा आणि पुढच्या चेहऱ्याचं अंतिम पॉलिश करून टाका. बसवल्यावर तिथे पेपर पोचत नाही, पोचला तर रिकासोवर ओरखडे उठतात.

## खाच सैल झालीच तर

किती सैल, ते आधी फीलर गेजने मापा.

०.०५ ते ०.१ मिमी, गार्ड पितळाचा किंवा निकेल सिल्व्हरचा : गार्ड लोखंडी ठोकळ्यावर ठेवा. पुढच्या चेहऱ्यावर, खाचेच्या कडेपासून मिलिमीटरभर बाहेर, गोल टोकाच्या पंचाने ओळीने मठारा. धातू खाचेकडे सरकतो. मग चेहरा काचेवर घासून ठिपके घालवा. त्यासाठीच जाडीत ०.३ मिमी राखून ठेवले होते. खाच पुन्हा टँगवर जुळवा.

रिकासो पुढे किंचित जाड होत जात असेल : फाइल गाइड एक मिलिमीटर पुढे सरकवून दोन्ही खांदे पुन्हा घासा. गार्ड पुढच्या, जाड भागावर जाऊन आवळतो. पातं मिलिमीटरभर आखूड दिसेल, ते कोणाच्या लक्षात येत नाही. आधी व्हर्नियरने खात्री करा, नाहीतर खांदेही जातात आणि फटही राहते.

चांदीमिश्रित कथलाच्या सोल्डरने फट भरता येते, पण तो २२१ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि कार्बन स्टीलची बरीच पाती २०० अंशांच्या आसपास टेंपर केलेली असतात, त्याहून जास्त तापली की ती मऊ पडतात. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून, उष्णता फक्त गार्डला आणि टँगच्या बाजूने देऊन हे जमतं. सराव नसेल तर या वाटेला जाऊ नये. एपॉक्सीत धातूचा किस मिसळून भरलेली फट पहिल्या दिवशी चांगली दिसते, नंतर ती काळवंडते.

फट ०.२ मिमीच्या पुढे असेल तर यातलं काहीच करू नका. नवीन तुकडा कापा. जुन्यावर त्याच्या खाचेचं माप कोरून खणात टाका, पुढच्या एखाद्या जाड पात्याला तो उपयोगी येईल.